पांगळीचा फुलोरा

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तशी माघी ओहोळाकडं गेली आणि पांगळीच्या फांद्यांचा भारा घेऊन आली. भारा तिनं दोरीला बांधून चिखलातून ओढत आणला, कारण डोक्यावर ओझं घेऊन चढण चढायचे तिचे दिवस संपले होते. दोन वर्षांपूर्वी भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवर ट्रकात माल चढवताना पायाखालची फळी सरकली आणि डोक्यावरच्या विटांसकट ती खाली आली. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. मुकादमानं कुठून तरी हाडं बसवणारा म्हातारा आणला. त्यानं बांबूच्या चिपा बांधल्या, वर कसला तरी पाला थापला आणि हंगाम मोडायला नको म्हणून मुकादमानं दीड महिना तिला तिथंच झोपडीत ठेवलं. हाड जुळलं, पण वाकडं. आता ती चालायची ती कमरेतून हेलकावा देत, दर पावलाला डावा हात मांडीवर टेकत.

भाताची लावणी उरकली होती, त्यामुळं घराखालचा राबाचा वाफा मोकळा पडला होता. होळीच्या आधी त्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भाताचं बी टाकायचं, हे दरसालचं काम. मधल्या महिन्यांत त्या जागेला कुणी विचारत नसे. माघी तिथं बसकण मारून कोयत्याच्या टोकानं भोकं पाडत होती आणि एकेक काडी खोचत होती. सासू काशी ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसली होती.

पांगळी म्हणजे ओढ्याकाठचं कमरेइतकं झुडूप. पान चुरगळलं की उग्र वास येतो, शेळी तोंड लावत नाही, जळणाला निघत नाही. दारात कुणी ती मुद्दाम लावल्याचं पाड्यात कुणाला आठवत नव्हतं. शेजारची बाई कुडाजवळ थांबून विचारू लागली की हे काय चाललंय.

"पांगळीला पांगळीच सापडली लावायला," काशी म्हणाली आणि दोर वळत राहिली.

शेजारीण हसली. माघीनं मान वर केली नाही. तिनं पुढचं भोक पाडलं.

तिच्या डोक्यात पेटी होती. जव्हारच्या एका संस्थेतली शलाका नावाची मुलगी गेल्या वर्षी पाड्यातल्या पाच बायांना मधमाश्यांच्या पेट्या देऊन गेली होती. कार्तिकात डोंगरउतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली तोवर पेट्या घुमत होत्या. खुरासणी कापली आणि माळ सुकला. पौष उजाडेपर्यंत पाचही पेट्या रिकाम्या झाल्या. एकीनं आपल्या पेटीत कोंबडी बसवली. शलाका आली आणि रिकाम्या पेट्यांचे फोटो काढू लागली. तेव्हा माघीनं तिला सांगितलं होतं की ती लहानपणी बापाबरोबर मध काढायला रानात फिरायची. सगळं रान वाळतं तेव्हा माशा ओहोळातल्या पांगळीवर असतात. ती सगळ्यांच्या मागून फुलते, पौष सरता सरता, आणि शिमग्यापर्यंत टिकते. दारात लावली तर माशांना पळून जायचं कारण उरणार नाही.

शलाकानं ते वहीत लिहून घेतलं. आश्विनात नवीन माशा घालून पेटी देईन, म्हणाली. ती माघ उजाडेपर्यंत भरलेली राहिली तर साहेबांना आणून दाखवीन; मग आणखी पाच पेट्या मिळतील आणि पाड्यापाड्यावर जाऊन बायांना शिकवायचं कामही मिळेल. गाडीतून न्यायचं, गाडीतून आणायचं. बसून करायचं काम.

माघीनं ते घरात कुणाला नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काशी हसली असती आणि नवरा तुका गप्प राहिला असता. तुकाचं गप्प राहणं तिला अलीकडं जास्त लागायचं.

आश्विनात शलाका पेटी वाफ्याच्या कडेला ठेवून गेली. दिवाळीनंतर पाडा रिकामा होऊ लागला. भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, जोडी लागते. बाप्यानं मातीचा गारा मळायचा, विटा पाडायच्या. बाईनं गारा आणून द्यायचा, विटा पलटायच्या, डोक्यावर वाहायच्या. मुकादम नवसू जोड्या गोळा करत फिरत होता, तो एके सकाळी त्यांच्याही अंगणात आला. तुकाचे हात चांगले, तो त्याला पाहिजे होता. त्यानं माघीकडं बघितलं आणि सांगितलं, चालून दाखव.

माघी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. नवसूनं काशीकडून पाण्यानं भरलेला हंडा मागवला आणि माघीच्या डोक्यावर द्यायला लावला. आता चाल. ती चालली. तिसऱ्या पावलाला हंडा हिंदकळला, पाणी तोंडावरून, लुगड्यावरून खाली आलं. तरी ती कडेपर्यंत गेली, वळली, परत आली. कुडाशी चार माणसं उभी होती. नवसूनं विडी चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि तुकाला म्हणाला, दुसरी बघ, मग ये.

तुकानं हंडा तिच्या डोक्यावरून उतरवला. "पानी सांडलंस उगा," एवढंच बोलला.

त्यानंतर दुसऱ्या बाईचं बोलणं घरात उघड होऊ लागलं. माघीला एक मूल झालं होतं, ते सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं. काशीपाशी तेही कारण होतंच. माघी भांडी घासता घासता ऐकायची आणि खरकटं पाणी मडक्यात साठवून वाफ्यात न्यायची. पाऊस थांबून दोन महिने झाले होते. काड्यांना फुटवे आले होते, पण जमीन भेगाळायला लागली होती. विहीर खाली उतरणीवर. ती अर्धा हंडा काखेत धरून यायची, दोन वेळा बसायची आणि ते पाणी ओंजळीनं मोजून झाडांच्या मुळाशी घालायची. काखेतली सालटी निघाली. पायाच्या जुळलेल्या हाडावर सांजच्याला गाठीसारखी सूज यायची. काशी म्हणायची, माणसांना प्यायला नाही आणि ही गवताला पाजते.

पौषात एके दिवशी तुका मोखाड्याच्या बाजाराला म्हणून गेला तो चौथ्या दिवशी परतला. त्याच्या मागं एक बाई होती. सुनिता. बावीस-तेवीसची, रुंद हाडाची, नवऱ्यानं टाकलेली. तिच्याकडं एक पिशवी होती, तीही अर्धी रिकामी. काशीनं तिच्या पायावर पाणी घातलं. माघीला कुणी काही सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. तिनं चार भाकऱ्या जास्त थापल्या. संध्याकाळी तुका ओट्यावर तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुला कोन घालवत नाय. घरात राह, आयसला बघ. माघात एक जोडी पाहिजे म्हनतो नवसू. आम्ही जातो."

"पेटीचं होईपर्यंत थांब," माघी म्हणाली.

"पेटीचं काय व्हायचंय?" त्यानं विचारलं. पेटीवर काय अवलंबून आहे ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि तो उठून गेला.

सुनिता वाईट नव्हती, हेच माघीला सोसेना. पहिल्याच आठवड्यात तिनं माघीला चढणीवर बसलेली पाहिलं, हंडा काढून घेतला आणि स्वतः दोन भरलेले हंडे एकावर एक घेऊन वर गेली. वाफ्यापाशी उभी राहून विचारलं, कुठं ओतू. त्यानंतर रोज सकाळी ती दोन हंडे वाफ्यात आणून ठेवायची. आक्का म्हणायची. पानं हुंगायची, पेटीजवळ उकिडवी बसून माशांची ये-जा बघायची आणि एवढ्याशा भोकातून त्या एकमेकींना न धडकता कशा जातात, म्हणून लहान पोरीसारखी विचारायची. भट्टीचं मात्र कधी बोलायची नाही. पाच हंगाम तिनं काढले होते. तिच्या डोक्याच्या मध्यावर विटा वाहून केस गेले होते, तिथं रुपयाएवढं टक्कल पडलं होतं, ते ती पदरानं झाकायची.

पेटी हलकी होत चालली होती. माशा कमी झाल्या होत्या, ज्या होत्या त्या दुपारभर दारातच रेंगाळायच्या. झाडांना तुरे धरले होते पण फूल नव्हतं. माघी रोज एक तुरा दोन बोटांत धरून बघायची. मग संक्रांत होऊन दहा दिवस झाले आणि एका सकाळी खालच्या कडेची तीन झाडं फुलली. पांढरी, किंचित जांभळी, केसाळ फुलं. दुसऱ्या दिवशी बारा. पाचव्या दिवशी सगळा वाफा पांढुरका झाला आणि ओट्यावर बसलं तरी घूं घूं ऐकू येऊ लागलं. आजूबाजूचा डोंगर करपून गेलेला, त्यात हा एवढाच तुकडा हलत होता. माघी झाडांमध्ये जाऊन बसली. माशा तिच्या हातावर, केसांवर उतरत होत्या. बराच वेळ ती उठली नाही.

शलाका बुधवारी आली. तिनं पेटी एका बाजूनं उचलून बघितली आणि तिचं तोंड उजळलं. सोमवारी साहेबांना घेऊन येते, म्हणाली. माघीताई, तुम्ही फक्त सोमवारपर्यंत काही हलवू नका.

काशी ते ऐकत होती. शलाकाची गाडी वळली तशी ती म्हणाली की राब भाजायला वाफा मोकळा पाहिजे, पाला तोडून पडलाय, आणि तुका-सुनिता शनिवारी गाडीत बसायच्या आत हे काम झालं पाहिजे. मागं ती एकटी म्हातारी आणि एक लंगडी राहणार. माघीनं तिचे पाय धरले. सोमवारपर्यंत. काशीनं पाय सोडवून घेतला. शेवटी तुकाच म्हणाला, जाऊ दे आयस, चार दिवसांनी काय बिघडतंय. आमच्या मागं माणसं लावून भाजून घे. माघीला वाटलं, तो आपल्या बाजूनं बोलला. पण तो बोलला तेव्हा सुनिता त्याच्या मागं उभी होती, आणि त्यानं आधी वळून तिच्याकडं बघितलं होतं. तिनं मानेनं हां म्हटलं होतं. म्हणजे माघीच्या वाफ्याचं काय करायचं, ते आता त्या मानेवर ठरत होतं.

गुरुवारी आभाळ भरून आलं. अवकाळी ढग, वारा नाही, घामट हवा. अशा हवेत माशा बाहेर जात नाहीत; आत दाटीवाटीनं बसतात आणि चिडतात. पेटी उघडायची तर आधी शेणीचा धूर द्यायचा, हे माघीला बापानं सात-आठ वर्षांची असताना शिकवलं होतं. आदल्या दिवशी शलाकानं पेटी हलवली होती, त्यानं त्या आधीच बिथरल्या होत्या. सुनिता पाणी ठेवून नेहमीसारखी पेटीपाशी बसली. डोक्याला तिनं तुकानं बाजारातून आणलेलं वासाचं तेल चोपडलं होतं.

"आक्का, आत कशा असतात गं?"

माघी विळ्यानं गवत काढत होती. तिचा हात थांबला. तिनं आभाळाकडं बघितलं.

"उचल झाकन नि बघ," ती म्हणाली. "काय करत नायत."

सुनितानं झाकण उचललं आणि तोंड आत घातलं.

माघी जागेवरून उठली नाही. सुनिता ओरडली, धावली, कुडाला धडकली, पुन्हा धावली. एक माशी चावली की तिच्या वासावर बाकीच्या तिथंच येतात, हेही माघीला ठाऊक होतं. तुका गोधडी घेऊन धावत आला आणि त्यानं तिला गुंडाळून घरात नेलं. मग माघी उठली, झाकण जागेवर बसवलं आणि पेटीवर धोंडा ठेवला. तिच्या स्वतःच्या हाताला चार डंख झाले होते. ते तिनं नखानं काढले.

संध्याकाळपर्यंत सुनिताचं तोंड ओळखू येईना. दोन्ही डोळे मिटून गेले, ओठ उलटे झाले, ताप भरला. माघीनं पांगळीचाच पाला वाटून लेप लावला. हात तिनं हलका ठेवला. झाकण उचलायला कुणी सांगितलं, ते सुनितानं कुणाला सांगितलं नाही. माघीच्या मनात एवढंच होतं की शनिवारची गाडी चुकेल, नवसू दुसरी जोडी घेईल, तुका घरात राहील आणि सोमवार आपला होईल. त्यापुढचं तिनं बघितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी टेम्पो पाड्याच्या टोकाला येऊन उभा राहिला. आधीच तेरा-चौदा माणसं भांड्याकुंड्यांसकट भरली होती. नवसू घरात आला, कोपऱ्यात डोळ्यांवर ओलं फडकं घालून पडलेली सुनिता त्यानं बघितली आणि शिवी घातली. मालकाला त्यानं जोडी कबूल केली होती, एक जोडी अर्ध्या हंगामात पळाली होती, आजच्या आज माणसं पाहिजे होती. काशी चुलीपाशी होती. तिनं मान न वळवता हात केला.

"ही हाय की. हिला ने."

माघीला आधी कळलंच नाही. नवसूनं तिच्या पायाकडं बघितलं, मग बाहेर टेम्पोकडं. बसून विटा पलटायला चालेल, म्हणाला. वाहायला दुसरी कोणी बघू.

माघी तुकाला म्हणाली की सोमवारी साहेब यायचेत. तिनं ते तीन वेळा म्हटलं. तुका बोचकं बांधत होता. चार महिन्यांनी परत यायचंच आहे, तो म्हणाला, झाडं काय पळून जातात का. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, जोरानं नाही, घाई असलेल्या माणसासारखी. "नाय आलीस तर मंग माझ्या दारात उभी राहू नको," तो म्हणाला. टेम्पोच्या फाळक्यावर तिचा पाय चढेना, तेव्हा वरच्या दोघांनी तिला काखेत धरून पोत्यासारखं आत ओढलं. वळणावरून वाफा दिसला. पांढराच होता.

भट्टीवर राहायची कोपी जुन्याच जागी होती. पहाटे चारला उठायचं, उकिडवं बसून विटांच्या ओळीतून पुढं सरकायचं, एकेक वीट उभी करायची. उकिडवं बसणंच तिच्या पायाला झेपत नव्हतं. ती डावा पाय लांब सोडून ढुंगणावर सरकायची. लुगडं फाटलं, खाली कातडी सोलली. विटा वाहायला बाई कमी पडली की नवसू तिलाही उठवायचा. होळीच्या सुमारास पाय पोटरीत काळानिळा पडला. तुका तिच्याशी वाईट वागत नव्हता. भाकरी तिला आधी द्यायचा. पाड्यातून कुणाचा फोन आला की तो बाजूला जाऊन बोलायचा, आणि ती विचारायची, पेटीचं काही कळलं का. तो म्हणायचा, सगळं बरं हाय.

वैशाख संपता संपता ती दोघं खोडाळ्याला उतरली. तिथून पाड्यापर्यंत यायला तिला अर्धा दिवस लागला, हातात बांबूची काठी. अंगणात सहा पेट्या रांगेनं मांडल्या होत्या, पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. राब भाजला होता, पण वरच्या शेतात. खालच्या वाफ्याला काट्यांचं कुंपण होतं आणि पांगळी तशीच उभी होती, फुलं झडून बी धरलेली. सुनिता घरातून बाहेर आली. तिचं तोंड पूर्वीसारखं झालं होतं, अंग भरलं होतं. तिनं माघीच्या पायावर पाणी घातलं.

शलाकाची गाठ आषाढात पडली. पाड्यापाड्यावरच्या वीस-बावीस बाया अंगणात जमल्या होत्या आणि सुनिता तोंडावर जाळी चढवून त्यांना पेटी उघडून दाखवत होती. धूर आधी, मग झाकण. शलाका माघीला बाजूला भेटली. तिच्या डोळ्यांत खरोखर वाईट वाटल्यासारखं होतं. ती म्हणाली, "तुम्ही नव्हतात ना हो त्या दिवशी. साहेब आले होते, कागदावर कुणाचं तरी नाव घालायचं होतं. घर एकच आहे, म्हणून मी सुनिताचं घातलं." मग ती म्हणाली की झाडाची कल्पना तुमचीच, हे मी विसरलेली नाही, आणि बायांना द्यायला दोनशे काड्या पाहिजेत, त्या तुमच्याइतक्या नीट कुणाला कापता यायच्या नाहीत.

म्हणून माघी ओट्यावर पाय लांब करून बसली आणि काड्या कापू लागली. वीतभर, खालून तिरकी, वरून सरळ, म्हणजे खोचताना उलटसुलट होणार नाही. वीस-वीसची जुडी करून केळीच्या सोपटानं बांधायची. काशी बायांना चहा देत होती. एका बाईनं विचारलं, हे झाड लावायचं कुणाच्या डोक्यात आलं. काशी म्हणाली, आमच्या घरात पयल्यापासून ठाऊक हाय.

बाया जुड्या घेऊन पांगल्या. तुका बैल घेऊन वरच्या शेतात गेला होता. सुनितानं जाळी काढली, हात धुतले आणि माघीच्या शेजारी येऊन बसली. तिनंही कोयता घेतला आणि उरलेल्या फांद्या कापू लागली. पदर डोक्यावरून घसरला होता. टक्कल पडलेल्या जागी बारीक केस उगवले होते. हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं.

"तू मुद्दाम उघडायला लावलंस ना, आक्का?"

माघीनं काडी कापली. "हां," ती म्हणाली.

"मला कळलं होतं. तवाच." सुनितानं हातातली काडी तिरकी धरून पाहिली आणि छाटली. "शुक्रवारी सांजच्यालाच माझं डोळं उघडलं होतं. गाडी आली तवा मला सगळं दिसत होतं."

माघीनं तिच्याकडं बघितलं. सुनिता तिच्याकडं बघत नव्हती. तिच्या मांडीवर अठरा काड्या झाल्या होत्या, तिनं माघीपुढं हात केला. माघीनं आपल्या ढिगातल्या दोन उचलल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.